'इंडियन लॉ' शिकून व्हिक्टोरियाला येणाऱ्यांसाठी

"मी इंडियन लॉ शिकून आलेय," असं मी कॅनडातल्या व्हिक्टोरियात पहिल्याच आठवड्यात एका बाईंना सांगितलं आणि त्या खळखळून हसल्या. इथल्या कायद्यात 'इंडियन' म्हणजे मूळनिवासी. १८७६ सालचा 'इंडियन ॲक्ट' कॅनडात आजही लागू आहे, आणि ज्यांच्यावर तो लादला गेला त्यांच्यापैकीच त्या एक. "म्हणजे आमच्याबद्दल सगळं ठाऊक आहे की तुला!" म्हणाल्या. तेव्हापासून मी 'भारतातला कायदा' म्हणते. तुम्हीही तेच म्हणा.

पुण्या-नागपुराहून एलएलएम करून इथे संशोधनाला येऊ पाहणाऱ्यांचे मला मेल येतात. बहुतेकांची गल्लत एकाच ठिकाणी होते. ॲबॉरिजिनल लॉ वेगळा, इंडिजिनस लॉ वेगळा. पहिला म्हणजे कॅनडाच्या सरकारचा मूळनिवासींविषयीचा कायदा: १९८२ च्या घटना कायद्यातलं कलम ३५, सर्वोच्च न्यायालयाचे निकाल, करारमदार. दुसरा त्या लोकांचा स्वतःचा, गोरे येण्याच्या आधीपासूनचा: मासे कुणी कुठे धरायचे, तंटा कसा मिटवायचा, चुकलेल्याने भरपाई काय द्यायची. प्रत्येक मूळनिवासी राष्ट्राचा, म्हणजे समाजाचा, निराळा. आपल्याला कशावर काम करायचंय हे अर्जाआधी ठरवा, कारण मार्गदर्शक त्यावरून बदलतो.

घरचंच उदाहरण घ्या. वनहक्क कायदा २००६ साली संसदेने केला, त्याखाली २००९ मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. हा झाला पहिल्या प्रकारचा विषय. पण त्याच्या कितीतरी आधीपासून मेंढ्याची ग्रामसभा सर्वसहमतीनेच निर्णय घेत आली. सगळ्यांना पटेपर्यंत थांबायचं. ही रीतच कायदा म्हणून अभ्यासायची ठरवली, तर तो विषय दुसऱ्या प्रकारचा. गडचिरोलीत, मेळघाटात काम केलं असेल तर अर्जात जरूर लिहा. फक्त 'आम्हीही इंग्रजांखाली होतो, तुमचं दुःख कळतं' हा सूर लावू नका. इथे आपण त्यांच्याच जमिनीवर येऊन राहिलेली माणसं आहोत.

संधी कुठे? व्हिक्टोरिया विद्यापीठात २०१८ पासून कॉमन लॉ आणि मूळनिवासी कायदा अशा दोन पदव्या एकत्र देणारा चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे, जगातला पहिला. तिथल्याच इंडिजिनस लॉ रिसर्च युनिटमध्ये संशोधन-सहायकाचं काम मिळालं तर दुसरं काही बघू नका. एडमंटनला अल्बर्टा विद्यापीठात वाहकोतोविन लॉज हे मूळनिवासी कायद्याचं संशोधन केंद्र आहे, तिथेही अशाच पद्धतीचं काम चालतं, फक्त थंडी हाडं गोठवणारी.

ही पद्धत व्हॅल नेपोलियन आणि हॅडली फ्रीडलंड या कायद्याच्या अभ्यासकांनी रुळवली. समाजातली जुनी कथा घ्यायची आणि आपण निवाडा वाचतो तशी वाचायची: पेच काय, घडलं काय, ठरलं काय, आणि का ठरलं. मग त्याच पेचाच्या अनेक कथा शेजारी शेजारी मांडायच्या, आणि जे हाती लागेल ते त्या समाजातल्या जाणत्या वडीलधाऱ्यांकडे परत न्यायचं. ते दुरुस्त करतात. ऐकायला सोपं वाटतं. मला पहिल्या कथेतला पेच सापडायलाच तीन दिवस लागले, कारण मी पंचतंत्राच्या सवयीने तात्पर्य शोधत बसले होते.

गाणंसुद्धा पुरावा असतं. डेल्गामूक या मूळनिवासींच्या जमीनहक्काच्या खटल्यात मेरी जॉन्सन या गित्क्सान समाजातल्या आजी साक्षीत आपल्या घराण्याचं गाणं म्हणणार होत्या, तर न्यायाधीश म्हणाले, मला गाण्याचा कान नाही. १९९१ मध्ये दावा फेटाळला गेला. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल बाजूला सारला आणि मौखिक इतिहासाला पुरावा म्हणून योग्य वजन द्यायलाच हवं असं सांगितलं. कुठल्याही मुलाखतीला जाण्याआधी हे दोन्ही निकाल वाचा, आणि १९९१ चा जास्त लक्ष देऊन वाचा.

आता माझी फजिती. आल्या आल्या मी एका समाजाच्या कार्यालयाला चार पानी प्रश्नावली पाठवली. पाच महिने उत्तर नाही, आणि ते बरोबरच होतं. इथे संशोधन-नीतीच्या राष्ट्रीय धोरणात, म्हणजे टीसीपीएस-२ मध्ये, नववं प्रकरण खास मूळनिवासींसोबतच्या संशोधनाचं आहे. शिवाय फर्स्ट नेशन्सनी, म्हणजे इथल्या मूळनिवासी राष्ट्रांनी, घालून दिलेली 'ओकॅप' तत्त्वं: माहितीची मालकी, नियंत्रण, वापर आणि ताबा त्यांचा. म्हणजे विद्यापीठाची परवानगी वेगळी आणि समाजाची वेगळी. प्रश्न घेऊन जाऊ नका, त्यांना कशाचं उत्तर हवंय ते विचारा. पहिले सहा-आठ महिने दाखवायला कागद नसतो. जेवणावळीला खुर्च्या मांडायच्या, भांडी विसळायची, ऐकायचं. मार्गदर्शकाला हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर वर्षाअखेरच्या अहवालात घाम फुटतो.

पैशांचं थोडक्यात. व्हिक्टोरियात घरभाडं जबर आहे. येण्याआधी कॅम्पसमधल्या खोलीसाठी नाव घाला. बसचा पास विद्यार्थी-शुल्कातच येतो. स्टडी परमिटवर सत्र चालू असताना आठवड्याला २४ तासांची मर्यादा कॅम्पसबाहेरच्या कामाला आहे, कॅम्पसवरच्या कामाला नाही. पीएचडी झाल्यावर प्राध्यापकी मिळाली की एसएसएचआरसी या सामाजिक शास्त्रांच्या संशोधनाला निधी देणाऱ्या कॅनडाच्या संस्थेच्या इनसाइट डेव्हलपमेंट ग्रँटकडे बघा: दोन वर्षांपर्यंत, कमाल ७५,००० डॉलर, आणि निम्मा तरी निधी नवोदितांसाठी राखीव.

त्या अर्जात जाणत्यांच्या मानधनाचा रकाना आधी भरा, प्रवासाचा नंतर. मानधन त्याच दिवशी हातात देता येईल अशी सोय हिशेब खात्याशी बोलून करून ठेवा. बिल पास व्हायला महिना लागतो, आणि आजींनी तेवढं थांबायचं काही कारण नाही.