फुटबॉलच्या मैदानावरून रग्बीकडे येताना

डिचोलीहून रोज पणजीला महाविद्यालयात येत असताना, दुसऱ्या वर्षी एका मैत्रिणीच्या आग्रहाखातर मी रग्बीच्या सरावाला गेले, तेव्हा शाळेपासून खेळलेल्या फुटबॉलची सात वर्षे माझ्या गाठीशी होती आणि त्या बळावर हा खेळ महिन्याभरात अंगवळणी पडेल, अशी माझी खात्री होती. ती खात्री पहिल्या अर्ध्या तासातच डळमळली. गोव्यात या खेळाकडे वळणारी बहुतेक मुलेमुली फुटबॉल खेळूनच येतात; त्यामुळे दमसास आणि पायांतला वेग त्यांच्याजवळ असतोच, पण ज्या सवयी आधी मोडाव्या लागतात त्याही तिथल्याच असतात.

पहिली सवय चेंडू पुढे देण्याची. रग्बीत हाताने चेंडू पुढच्या दिशेने देता येत नाही. तो बाजूला किंवा मागेच द्यावा लागतो. पुढे जायचे तर चेंडू छातीशी धरून धावावे किंवा पायाने मारावा. नियम एका वाक्यात संपतो, पण अंगात मुरायला मला चार महिने लागले. पहिल्याच सराव सामन्यात दोघी माझ्या अंगावर येत असताना उजवीकडे पुढे मोकळी उभी असलेली सहकारी मला दिसली आणि मी विचार न करता चेंडू तिच्याकडे फेकला. शिटी वाजली. सरांनी मला बाजूला घेऊन एवढेच विचारले, "ती तुझ्या पुढे गेलीच कशी, ते सांग पाहू." चूक माझी होती, तशी तिचीही होती, कारण चेंडूच्या पुढे गेलेला खेळाडू ऑफसाइड ठरतो आणि मागे येईपर्यंत त्याचा संघाला काही उपयोग नसतो. मोकळी जागा पुढे धावून शोधायची नसते, तर चेंडूवाल्याच्या चार-पाच पावले मागे राहून वेगात तिच्यात शिरायचे असते, आणि मागे काय आहे हे चेंडूवाल्याला दिसत नसल्यामुळे मागच्यांनी सतत ओरडून सांगायचे असते. गप्प खेळणारी मुलगी रग्बीत अर्धीच खेळते.

चेंडूची ओळख मात्र लवकर होते. तो लांबट असतो, टोकाटोकाला जवळपास 28 ते 30 सेंटीमीटर, आणि वजन साडेचारशे ग्रॅमच्या आसपास. मी तो पहिल्यांदा घरी आणला तेव्हा आई म्हणाली, "हा तर असोला नारळ!" ही उपमा मी आजही नवख्यांना सांगते, कारण सोलायला दिलेला नारळ आपण जसा दोन्ही हातांनी, बोटे पसरून झेलतो, तसाच हा चेंडू झेलायचा असतो. हातातून निसटून तो पुढे पडला की नॉक-ऑन होतो आणि स्क्रमचा, म्हणजे दोन्ही संघांचे खेळाडू वाकून खांद्याला खांदा भिडवून चेंडूसाठी रेटतात त्याचा, फायदा समोरच्या संघाला मिळतो.

आपल्याकडे प्रामुख्याने सात जणांचा प्रकार, म्हणजे सेव्हन्स, खेळला जातो. 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये आला तो हाच, आणि 2023 साली गोव्यात झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतही हाच होता. सात-सात मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये दोन मिनिटांची विश्रांती; ऐकायला किरकोळ वाटते, पण मैदान पंधरा जणांच्या रग्बीएवढेच, म्हणजे सुमारे 100 मीटर लांब आणि 70 मीटर रुंद असल्याने चौदा मिनिटांत माणूस पिळून निघतो. प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की ट्राय होतो व 5 गुण मिळतात, त्यानंतरची किक साधली तर आणखी 2, आणि पेनल्टी किंवा ड्रॉप गोलचे (चेंडू जमिनीवर टाकून उसळताच मारलेल्या किकचे) 3. रेषा ओलांडली एवढ्याने भागत नाही, चेंडू जमिनीला टेकवावाच लागतो. आनंदाच्या भरात हे विसरलेली मुलगी मी पाहिली आहे, ती कोण ते सांगत नाही.

इतिहासाविषयी थोडेसे. 1823 साली इंग्लंडमधील रग्बी गावच्या शाळेत विल्यम वेब एलिस नावाच्या मुलाने फुटबॉल खेळताना चेंडू उचलून पळ काढला, ही गोष्ट सगळे सांगतात, पण तिला भक्कम पुरावा नाही. मला त्याहून कलकत्त्याची हकिकत अधिक आवडते. तिथल्या इंग्रजांनी 1873 साली काढलेला क्लब काही वर्षांतच मोडला, तेव्हा बँकेतले चांदीचे रुपये वितळवून त्यांनी नागाच्या आकाराच्या तीन मुठी आणि झाकणावर हत्ती असलेला चषक घडवून घेतला व तो इंग्लंडला दिला. 1879 पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड त्या कलकत्ता चषकासाठी खेळत आले आहेत.

आता सर्वांत महत्त्वाचे, ते म्हणजे पडणे. टॅकलची, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला धरून पाडण्याची, भीती सगळ्यांना वाटते आणि ती वाटावी हे योग्यच आहे, पण बरीच दुखापत टक्करीने न होता चुकीच्या पडण्याने होते. रग्बीच्या पहिल्या वर्षी पडताना मी हात पुढे टेकला आणि मनगटाचे हाड मोडून सहा आठवडे प्लास्टरमध्ये काढले. तसे करू नये हे मला सांगितलेले होते, मी घोटवलेले नव्हते. नंतर आम्ही मिरामारच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी, ओल्या वाळूत, हा एकच सराव कितीतरी संध्याकाळी केला: हनुवटी छातीशी, चेंडू दोन्ही हातांत, आधी मांडी, मग कुल्ला, मग खांदा, आणि पडल्यावर अंग वळवून चेंडू आपल्या संघाच्या बाजूला ठेवायचा. पाडले गेल्यावर चेंडू सोडावाच लागतो, आणि पाडणाऱ्यानेही पकड सोडून दूर व्हायचे असते.

टॅकल करताना डोके धावणाऱ्याच्या समोर न ठेवता बाजूला, त्याच्या कुल्ल्यामागे ठेवायचे, खांदा मांडीवर लावायचा आणि दोन्ही हातांनी पाय कवेत घ्यायचे. नुसता खांदा मारणे किंवा खांद्याच्या वर पकडणे हा गुन्हा आहे. पिवळे कार्ड मिळाले तर सेव्हन्समध्ये दोन मिनिटे बाहेर बसावे लागते. ही कृती आधी दोघांनी गुडघ्यांवर बसून, मग चालत, आणि शेवटी धावत करायची. जो शिक्षक पहिल्याच दिवशी पूर्ण वेगाने टॅकल करायला लावतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. डोक्याला मार बसून गरगरले, मळमळले किंवा क्षणभर काही आठवेनासे झाले, तर त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरायचेच नाही आणि डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय परतायचे नाही.

साहित्य फारसे लागत नाही. फुटबॉलचे स्टडवाले बूट चालतात. दातांना जपणारे माउथगार्ड मात्र दुसऱ्याचे वापरू नये. गरम पाण्यात मऊ करून दातांखाली चावून बसवायचे साधे माउथगार्ड सुरुवातीला पुरते. पहिल्या दिवशी येताना नखे कापावीत, कानातले आणि नाकातली चमकी घरीच काढून ठेवावी. माझी चमकी त्या दिवशी निघता निघेना, शेवटी मैदानाच्या कडेला बसून मैत्रिणीने साबण लावून ती काढली, आणि तोवर सरावाची पहिली पंधरा मिनिटे निघून गेली होती.