‘गॅस संपला’ म्हणाले तर विचारा, गेला कुठे?

एप्रिल लागला की कारचा एसी रुसतो आणि गॅरेजमध्ये ठरलेलं वाक्य ऐकू येतं: "साहेब, गॅस संपलाय, भरून टाकू." एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, बंद नळ्यांत फिरत राहतो. रबरी होजमधून वर्षानुवर्षांत थोडासा झिरपतो, ते ठीक. पण दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर गळती आहे. आणि गॅसबरोबरच कॉम्प्रेसरचं (गॅस दाबणाऱ्या पंपाचं) तेल फिरतं, त्यामुळे कमी गॅसवर एसी चालवत राहिलात तर एक दिवस कॉम्प्रेसरच जाम होतो.

गॅरेज गाठण्याआधी घरीच थोडं बघा. हवा गार आहे पण जोर नाही? बहुतेक केबिन फिल्टर (आत येणारी हवा गाळणारा) तुंबलाय. बऱ्याच गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. हायवेवर गार आणि सिग्नलला गरम? मग संशय पुढच्या फॅनवर किंवा धुळीने भरलेल्या कंडेन्सरवर (गॅसची उष्णता बाहेर टाकणारी पुढची जाळी). इंजिन आणि एसी चालू करून बॉनेट उघडा, फॅन फिरतोय का पाहा (हात लांब ठेवून). मेकॅनिकला "एसी चालत नाही" एवढंच सांगू नका, कधी गार होतो आणि कधी नाही ते सांगा.

गॅरेजमध्ये गॅसचं प्रेशर मोजणारे दोन्ही गेज लावायला सांगा, लो (कमी दाबाची बाजू) आणि हाय (जास्त दाबाची बाजू). दोन्ही काटे खाली असतील तर गॅस कमी असण्याची शक्यता मोठी. लो जास्त आणि हाय कमी, तर कॉम्प्रेसर थकलाय. हाय फारच चढलं, तर फॅन, कंडेन्सर किंवा जादा भरलेला गॅस.

गळती शोधायला नायट्रोजनचं प्रेशर देऊन साबणाचं पाणी लावतात, किंवा गॅसमध्ये चमकणारा रंग मिसळून यूव्ही दिव्याखाली बघतात. जोडावर तेलकट डाग दिसला की चोर बहुधा तिथेच. गळती कूलिंग कॉइलमध्ये (डॅशबोर्डमागे हवा गार करणारी जाळी) आहे, हे मात्र सहज मान्य करू नका. अनेक गाड्यांत तिच्यासाठी डॅशबोर्ड उतरवावा लागतो, म्हणून आधी पुरावा मागा.

सिस्टीम उघडली की उघडलेल्या जोडांचे ओ-रिंग (रबरी कड्या) आणि ड्रायर (ओलावा शोषणारा भाग) बदलून घ्या. मग निदान अर्धा तास व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने आतली हवा आणि ओलावा ओढून काढणं. पंप बंद केल्यावर काटा वर सरकू लागला तर गळती किंवा ओलावा अजून आत आहे, तिथेच थांबवा. घाईत नेमकी हीच पायरी गाळली जाते. गॅस अंदाजाने घालू देऊ नका, वजनावर मोजून घ्या. गॅसचं नाव आणि ग्रॅममधला आकडा बॉनेटखालच्या स्टिकरवर असतो. लहान गाड्यांना साधारण 400 ते 500 ग्रॅम पुरतो.

शेवटी मधल्या व्हेंटमध्ये थर्मामीटर ठेवून, आतली हवा फिरवण्याचं बटण दाबून पाहा. 5 ते 10 अंश चांगलं, कडक उन्हात थोडं जास्त चालेल. बिलावर गॅसचं वजन लिहून घ्या आणि काढलेले पार्ट परत मागा. घरी आल्यावर गाडीखाली पाणी ठिबकलं तर तो एसीचाच ओलावा. तेच पाणी आत पायाखालच्या मॅटवर आलं, तर ड्रेन पाइप तुंबलाय.