विकत घेतलेली गाणी कॉम्प्युटरवरून प्लेअरमध्ये कशी न्यावीत

प्लेअर जोडायचा, फाइल ओढून टाकायची, की झालं. बहुतेक वेळा काम खरोखर एवढंच असतं. पण ज्यांची ‘गाणं दिसतं, वाजत नाही’ अशी तक्रार असते, त्यांची गडबड बहुधा केबल लावण्याआधीच झालेली असते. म्हणून आधी फाइल बघू.

१. फाइल कोणत्या प्रकारची आहे ते तपासा
फाइलवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा (मॅकवर ‘गेट इन्फो’). एमपी३ असेल तर निर्धास्त पुढे जा. एम४ए बहुतेक प्लेअर वाजवतात, फ्लॅक (आवाजाचा दर्जा न घटवणारा, पण आकाराने मोठा प्रकार) मात्र सगळेच वाजवत नाहीत. प्लेअरच्या माहितीपुस्तिकेत चालणाऱ्या प्रकारांची यादी असते, ती आधीच वाचलेली बरी.

एम४पी दिसलं तर थांबा. अ‍ॅपलच्या आयट्यून्स स्टोअरवर २००९ पर्यंत घेतलेली बरीचशी गाणी अशी कुलूपबंद असत आणि दुसऱ्या कंपनीच्या प्लेअरवर ती वाजत नाहीत. खरेदीच्या यादीतून तेच गाणं पुन्हा डाउनलोड करून पाहा, बऱ्याचदा कुलूप नसलेली फाइल मिळते. महिन्याचे पैसे भरून ऐकायच्या अ‍ॅपमधलं ‘डाउनलोड’ मात्र या कामाचं नाही. ते त्या अ‍ॅपमध्येच वाजतं आणि वर्गणी संपली की बंद होतं. त्याला खरेदी म्हणत नाहीत.

प्लेअर फ्लॅक घेत नसेल तर एमपी३मध्ये रूपांतर करा, पण मूळ फाइल कॉम्प्युटरवर ठेवा. उलट, एमपी३चं फ्लॅक करू नका: आकार वाढतो, आवाज तसूभरही सुधारत नाही. ३२० केबीपीएसचं (म्हणजे सेकंदाला ३२० किलोबिट माहितीचं) चार मिनिटांचं एमपी३ गाणं साधारण १० एमबी होतं. त्यावरून जागेचा हिशोब मांडा.

२. प्लेअर जोडा
कॉम्प्युटरला प्लेअर दिसलाच नाही तर पहिला संशय केबलवर घ्या. काही केबलींतून फक्त चार्जिंग होतं. मॅकवर अडचण वेगळी असते: प्लेअर एमटीपी (फाइल देण्याघेण्याची एक यूएसबी पद्धत) पद्धतीने जोडला गेला तर तो आपसूक दिसत नाही. प्लेअरच्या सेटिंगमध्ये यूएसबी मोड बदलून ‘मास स्टोरेज’ (म्हणजे पेनड्राइव्हसारखा) करता आला तर उत्तम.

जुन्या आयपॉडवर गाणी ओढून टाकली तरी ती त्याच्या यादीत येत नाहीत. त्यासाठी आयट्यून्स लागतं. मॅकवर २०१९च्या कॅटलिना आवृत्तीपासून हे काम फाइंडर (मॅकवर फाइल बघायचा प्रोग्राम) करतो.

३. कॉपी करा
प्लेअरमध्ये ‘म्युझिक’ फोल्डर असेल तर त्यात, नसेल तर तो तयार करून, प्रत्येक अल्बमचा वेगळा फोल्डर टाका. फाइलच्या नावाआधी ०१, ०२ असे आकडे असू द्या. साधे प्लेअर अनेकदा नावाचा क्रम न पाहता, ज्या क्रमाने फाइल लिहिल्या गेल्या त्याच क्रमाने वाजवतात. म्हणून चार अल्बम एकदम ओढण्यापेक्षा एकेक कॉपी केलेला बरा.

४. गाण्याची माहिती नीट करा
मराठी नावांच्या जागी भलतीच चिन्हं दिसली तर टॅगची (फाइलमध्येच लिहिलेल्या गाण्याच्या नाव, गायक, अल्बम अशा माहितीची) आवृत्ती तपासा. एमपी३मधले टॅग आयडी३ नावाच्या पद्धतीने लिहिलेले असतात आणि अनेक जुन्या प्लेअरना तिची २.४ आवृत्ती कळत नाही. एमपी३टॅगसारख्या प्रोग्राममध्ये २.३ निवडून, यूटीएफ-१६मध्ये (अक्षरं साठवण्याची एक पद्धत) टॅग पुन्हा सेव्ह करा. नुसते चौकोन दिसत असतील तर बहुधा प्लेअरमध्ये देवनागरी फॉन्टच नाही. मग नावं रोमन लिपीत लिहिण्याला पर्याय उरत नाही.

५. इजेक्ट करून मगच केबल काढा
इजेक्ट म्हणजे प्लेअर काढतोय हे कॉम्प्युटरला आधी सांगणं. कॉपी पूर्ण झाल्याचं दिसलं तरी काही माहिती अजून लिहिली जात असू शकते. तेवढ्यात केबल ओढली तर फाइल अर्धवट राहते, कधी अख्खं मेमरी कार्ड बिघडतं.

केबल काढल्यावर प्लेअरच्या मेनूतून लायब्ररी अपडेट करा, नाहीतर नवी गाणी यादीत दिसणार नाहीत. मॅकवरून कॉपी केलं असेल तर यादीत काही गाणी दोनदा येऊ शकतात, त्यातली दुसरी वाजत नाही. ती नावाआधी टिंब आणि अंडरस्कोर असलेली मॅकची लपलेली फाइल असते, ती खुशाल डिलीट करा.