चारचौघांतली भीती: रीतीचा संकोच आणि सामाजिक चिंताविकार वेगळे कसे ओळखावेत

सोलापुरात समुपदेशन करणाऱ्यासमोर एकाच सकाळी पूर्व भागातल्या यंत्रमाग कामगाराचा तेलुगू बोलणारा मुलगा, अक्कलकोटकडची कन्नड बोलणारी सून आणि उर्दू माध्यमात शिकलेली विद्यार्थिनी येऊ शकते. तिघांचीही तक्रार ‘लोकांसमोर बोलता येत नाही’ हीच असली, तरी कोणासमोर किती बोलावे याचे तिन्ही घरांतले दंडक निरनिराळे असतात. म्हणून लक्षणे मोजण्याआधी त्या घरची रीत विचारून घ्यावी.

निदानाची चौकट ठरलेली आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ सालच्या डीएसएम-५ या नियमावलीनुसार, लोक आपल्याला पारखतील आणि नावे ठेवतील या भीतीने माणूस विशिष्ट प्रसंग टाळत असेल किंवा कसेबसे निभावून नेत असेल, हे साधारण सहा महिने किंवा अधिक काळ चालले असेल, त्यामुळे त्याला तीव्र त्रास होत असेल किंवा शिक्षण, काम, नाती अडत असतील आणि ती भीती प्रत्यक्ष धोक्याच्या व सामाजिक-सांस्कृतिक संदर्भाच्या मानाने अवाजवी असेल, तर सामाजिक चिंताविकाराचा विचार करावा. यातली शेवटची अट घाईत सर्वांत आधी सुटते. आपली भीती अवास्तव आहे हे रुग्णाला स्वतःला पटलेले असावे, अशी पूर्वी अपेक्षा असे. आता तो निवाडा तपासणाऱ्याकडे आला आहे, आणि ज्याला संदर्भच ठाऊक नाही त्याला तो करता येणार नाही.

रीत जाणून घेण्यासाठी ‘तुमच्याच वयाची, तुमच्यासारख्याच घरातली दुसरी बाई अशा वेळी काय करते?’ असा प्रश्न विचारावा. त्यानंतर प्रसंगातली एकेक गोष्ट बदलून पाहावी. सासऱ्यांसमोर मान वर न करणारी सून माहेरी, मैत्रिणींत आणि बाजारात मोकळेपणी बोलत असेल, तर ती घरची रीत पाळते आहे. तीच सून विडी कारखान्याच्या शाखेत आपल्या विड्या विनाकारण बाद होताना पाहत असेल, बोलायचे ठरवून गेलेली असेल, शेजारच्या बायका भांडत असतील आणि तिची मात्र छाती धडधडून जीभ उचलत नसेल, आणि असे महिनोन्‌महिने घडून मजुरी बुडत असेल, तर पुढची तपासणी करणे भाग आहे. अशा मुली-सुनांची ‘शांत, सालस’ म्हणून घरात वाखाणणी होत असल्याने त्यांना कोणी तपासणीला आणत नाही. मुलगा नोकरीच्या मुलाखतीला गेला नाही, तर मात्र त्याला लगेच आणतात.

महाविद्यालयीन मुलांच्या बाबतीत भाषा बदलून पाहावी. घरी तेलुगू, शाळेत मराठी आणि अभियांत्रिकीला इंग्रजी अशा वाटेने आलेला मुलगा सेमिनार टाळतो एवढ्यावरून काहीच ठरत नाही. तोच विषय त्याला मित्रांसमोर मराठीत किंवा तेलुगूत समजावून सांगता आला, तर बहुधा अडचण इंग्रजीची आहे. तिथेही घाम फुटत असेल, तर शंका बळावते.

प्रश्नावल्या वापराव्यात, पण विचारपूर्वक. मानसोपचारतज्ज्ञ लीबोविट्झ यांच्या, सामाजिक भीती मोजणाऱ्या १९८७ सालच्या मापनश्रेणीत २४ प्रसंग असून भीती आणि टाळाटाळ यांना प्रत्येकी ० ते ३ गुण देत एकूण १४४ पर्यंत बेरीज होते. त्यांत पार्टी देणे, प्रेमसंबंधाच्या हेतूने ओळख वाढवणे, सार्वजनिक स्वच्छतागृह वापरणे असेही प्रसंग आहेत. सार्वजनिक स्वच्छतागृह आपल्याकडची बाई बहुतेक वेळा घाणीमुळे टाळते. म्हणून प्रत्येक गुणापाशी ‘का टाळता?’ हे विचारून उत्तर तिच्याच शब्दांत लिहावे. नुसती बेरीज निदानाला पुरेशी नाही.

लोक आपल्याला हसतील, एवढेच या भीतीचे रूप नसते. जपानमध्ये मानसोपचारतज्ज्ञ मोरिता यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात अभ्यासलेल्या ‘ताइजिन क्योफुशो’ या अवस्थेत आपली नजर, चेहऱ्यावरची लाली किंवा अंगाचा वास यांमुळे समोरच्याला त्रास होईल, असे भय असते. इतरांना आपण दुखावू ही भीती डीएसएम-५ च्या निकषांतही आली आहे. विड्या वळणारी बाई ‘माझ्या अंगाला तंबाखूचा वास येतो’ म्हणून हळदीकुंकवाला जात नसेल, तर वास खरा असू शकतो. टाळाटाळ त्याच्या मानाने किती वाढली आहे, हे पाहावे.

जातीवरून किंवा गरिबीवरून ज्याचा खरोखर पाणउतारा झाला आहे, त्याने ती जागा टाळली तर त्या भीतीला आजार म्हणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तीच भीती जिवाभावाच्या माणसांतही शिरली असेल, तर तिचा वेगळा विचार करावा.

जानेवारीतल्या गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या, यात्रेला न जाणाऱ्याला नेमके काय होते तेही विचारावे. गर्दीत जीव घुसमटेल, बाहेर पडता येणार नाही असे वाटत असेल, तर दिशा गर्दीच्या भयाची किंवा पॅनिकची, म्हणजे अचानक येणाऱ्या तीव्र भयाच्या झटक्यांची, आहे. अनोळखी गर्दीत तो निवांत फिरतो, पण ओळखीच्याच्या दुकानापुढून जाताना वळसा घालतो, तर दिशा सामाजिक चिंतेची आहे. मूल केवळ गुरुजींसमोर गप्प राहत असेल तर ते पुरेसे नाही. बरोबरीच्या मुलांतही त्रास दिसायला हवा. अनेक जण फक्त ‘धडधडते’, ‘हात कापतात’ एवढेच सांगतात. हीच लक्षणे थायरॉइडच्या विकारातही दिसतात, तेव्हा त्याची तपासणी करून घ्यावी. पुरुषांना दारूविषयी आणि सर्वांनाच नैराश्य व आत्महत्येच्या विचारांविषयी सरळ विचारावे.

मुलाखत एकांतात आणि रुग्णाच्या भाषेत घ्यावी. दुभाषी लागल्यास सासू, नवरा किंवा भावाला बसवू नये, कारण त्यांच्यासमोरचे मौन हे लक्षण आहे की मर्यादा, ते कळणार नाही. समुपदेशकाने आपली नोंद प्राथमिक समजावी आणि पक्के निदान मानसोपचारतज्ज्ञाकडून किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडून करून घ्यावे. त्यासाठी छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये, पाठवता येते. समोर बसून बोलणेच ज्याला अवघड जाते, त्याला आधी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक द्यावा आणि फोनवर बोलण्याचीही भीती वाटत असेल, तर पहिला फोन आपल्यासमोरच लावून द्यावा.