गरोदरपणात घरातली आणि कामावरची रसायनं कशी शोधायची

गरोदर बाई समोर येऊन बसली की गोळ्यांच्या आधी मी एक प्रश्न विचारते: घरात कोण कोण काय काम करतं? सोळा वर्षं प्रसूतिपूर्व तपासणीच्या खोलीत नर्स म्हणून काम करतेय, पण सुरुवातीची बरीच वर्षं हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. तो शिकवला एका पॅंटच्या खिशाने.

एका बाईची दुसरी खेप होती. पहिला मुलगा अडीच वर्षांचा, बोलायला उशीर, पोटदुखीची सततची तक्रार. त्याच्या रक्तात शिसं वाढलेलं निघालं. तिने खेळणी तपासली, भांडी बदलली, भिंती पाहिल्या, काही सापडेना. मी घरी भेटीला गेले तेव्हा दाराआड नवऱ्याचे कामाचे कपडे टांगलेले होते. तो जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वेगळं काढायच्या कामावर जायचा. कपडे ती हाताने धुवायची, आणि धुण्याआधी झटकायची. मी हातमोजे घालून खिसा उलटा केला. शिवणीत राखाडी, पावडरीइतकी बारीक धूळ बसली होती. ओल्या कापसाने पुसली तर पेन्सिल घासल्यासारखी रेघ उमटली. धूळ नुसती बघून त्यात शिसं आहे की नाही हे कुणालाच सांगता येत नाही, म्हणून लगेच तिचीही रक्ततपासणी करून घेतली. तिचंही वाढलेलं होतं.

म्हणून सुरुवात वहीपासून करा. एक पूर्ण दिवस, उठल्यापासून झोपेपर्यंत, कशाचा वास आला, कशाला हात लागला, कुठे धूर होता ते लिहा. मग घरातल्या प्रत्येकाचं काम लिहा: बॅटरी, रंगकाम, वेल्डिंग, छपाई, शेतफवारणी, कपड्यांची ड्रायक्लीनिंग, नखांचं सलून, साफसफाई. घर किती जुनं, पाणी कुठून येतं, स्वयंपाक कशावर होतो, खिडकीखाली मोठा रस्ता किंवा पलीकडे फवारणीचं शेत आहे का, हेही. हे पान पुढच्या तपासणीला डॉक्टरांच्या हातात द्या. तोंडी सांगायला गेलं तर घाईत अर्धं राहून जातं.

सगळ्यात आधी शिसं पाहा. शरीर शिशाला कॅल्शियमसारखंच वागवतं, हाडांत साठवून ठेवतं, आणि तिथे ते वर्षानुवर्षं राहतं. बाळाची हाडं बनताना आईच्या हाडांतलं कॅल्शियम सुटतं, त्याबरोबर जुनं शिसंही सुटतं आणि वारेतून, म्हणजे प्लॅसेंटातून, बाळापर्यंत जातं. म्हणजे पाच वर्षांपूर्वी सोडलेलं कामसुद्धा वहीत यायला हवं. शिशाची सुरक्षित अशी पातळी माहीत नाही असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. रक्तात दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त निघालं तर ते कुठून येतंय ते शोधून थांबवायचं, आणि अशा गरोदर बाईच्या आहारात कॅल्शियम कमी असेल तर ते गोळ्यांनी भरून काढायचं, असं ती २०२१ पासून सांगतेय. लोह कमी असेल तर आतडं शिसं जास्त शोषतं, त्यामुळे लोहाच्या गोळ्या चुकवू नका. शिसं बाहेर काढायची औषधं मात्र तज्ज्ञाशिवाय अजिबात घेऊ नका.

कामावरून येणाऱ्याने कपडे आणि बूट तिथेच बदलून यायचे. ते जमत नसेल तर दाराबाहेर काढायचे, पिशवीत बंद करायचे, आणि अंघोळ झाल्याशिवाय मुलांना जवळ घ्यायचं नाही. ते कपडे वेगळे धुवायचे, झटकायचे नाहीत, आणि गरोदर बाईने तर धुवायचेच नाहीत. केर कोरडा काढू नका, धूळ उडून परत खाली बसते. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं दर खोलीनंतर स्वच्छ पाण्यात पिळा.

बाळ येणार म्हणून खोली रंगवायची हौस असते. जुन्या घरात तीच हौस घातक ठरते. अमेरिकेने घरांच्या रंगात शिशावर बंदी घातली १९७८ मध्ये, आणि त्याआधीच्या भिंती आजही तशाच उभ्या आहेत. जुना रंग खरवडू नका, घासू नका, जाळून काढू नका. काढावाच लागला तर जाणकाराकडून, आणि ओल्याने पुसून साफ होईपर्यंत तुम्ही दुसरीकडे राहा.

पाऱ्याबद्दल बोलताना मी मिनामाताचं नाव घेते. जपानच्या या किनारी गावात कारखान्याचा पारा समुद्रात गेला, माशांतून माणसांत आला. १९५६ मध्ये आजाराची अधिकृत नोंद झाली. कित्येक आयांना स्वतःला फारसं काही जाणवत नव्हतं, आणि त्यांची बाळं मेंदूला गंभीर इजा घेऊन जन्मली. वार विष अडवते हा समज तिथे मोडला. हे सांगितलं की बायका मासे एकदम बंद करतात. तसं करू नका, माशांतली चरबी बाळाच्या मेंदूला हवी असते. शार्क, स्वोर्डफिश असे मोठे, दुसऱ्या माशांवर जगणारे मासे टाळा आणि लहान मासे खा. पारा गोरेपणाच्या क्रीममध्येही सापडतो. घटकांत कॅलोमेल किंवा मर्क्युरस क्लोराइड लिहिलेलं असेल, किंवा सोन्याचांदीला लावू नका अशी सूचना असेल, तर ती डबी त्याच दिवशी बंद. ज्या डबीवर घटकच लिहिलेले नाहीत तीही.

पाण्यातलं शिसं, आर्सेनिक, नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाणी आटून ते दाट होतं. नळ रात्रभर बंद असेल तर पहिलं पाणी वाहू द्या आणि पिण्यासाठी गार पाण्याचाच नळ वापरा. विहीर किंवा बोअर असेल तर प्रयोगशाळेत तपासून घ्या. बाळाला पावडरचं दूध द्यावं लागणार असेल तर नायट्रेटची तपासणी टाळूच नका.

प्लॅस्टिकमध्ये गरम अन्न ठेवू नका, तीव्र वासाच्या फवारण्या सोडा. यावर मी जास्त वेळ घालवत नाही, कारण याची भीती सगळ्यांना आधीच असते आणि बॅटरीच्या धुळीची कुणालाच नसते.

हवेबद्दल मात्र बोलावं लागतं. धुरामुळे जन्मताना बाळाचं वजन कमी भरतं, म्हणजे २,५०० ग्रॅमच्या खाली, किंवा ३७ आठवडे भरण्याआधीच प्रसूती होते. स्वयंपाकाचं इंधन बदलता येत असेल तर घरातला पहिला पैसा तिथे लावा. नसेल तर चूल उघड्यावर घ्या, शिजवायचं काम दुसऱ्याकडे द्या. रस्त्याकडची खिडकी गर्दीच्या वेळी बंद ठेवा.

आणि रस्त्यालगतचं घर कुणी हौसेने घेत नाही. अमेरिकेत न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियात टोलनाक्यांवर गाड्या न थांबता टोल घ्यायची सोय झाली, तेव्हा नाक्यापासून २ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आयांमध्ये अपुऱ्या दिवसांच्या प्रसूती जवळपास ११ टक्क्यांनी आणि कमी वजनाची बाळं जवळपास १२ टक्क्यांनी घटली. जॅनेट करी आणि रीड वॉकर यांनी २०११ मध्ये हे छापलं. त्या बायकांनी स्वतः काहीच बदललं नव्हतं. न्यूयॉर्कच्या उत्तर मॅनहॅटन आणि साउथ ब्रॉंक्समधल्या कृष्णवर्णीय आणि डॉमिनिकन आयांच्या नाळेच्या रक्तात क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक जितकं जास्त, तितकं बाळाचं वजन कमी, असं कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांना दिसलं. घरगुती वापर बंद झाल्यावर, २००१ पासून जन्मलेल्या बाळांत तो संबंध दिसेनासा झाला.

एका बाईच्या कागदावर, वजन कमी भरलेल्या बाळाच्या नोंदीपुढे, 'आई काळजी घेत नाही' असं लिहिलेलं मी वाचलंय. ती दिवसाचे दहा तास बंद खोलीत डाग काढायच्या द्रावकाशेजारी उभी असायची. ती ओळ वाचून मला आजही राग येतो.

म्हणून कामावर मागणी करा, आणि लेखी करा. प्रत्येक रसायनाचं सुरक्षा माहितीपत्रक मागा. त्यात प्रजननावरच्या परिणामाचा वेगळा उल्लेख असतो. डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या, त्यात नुसतं 'हलकं काम द्यावं' नको, 'द्रावक, शिसं, कीटकनाशक यांच्याशी संपर्क नसलेलं काम द्यावं' असं स्पष्ट हवं. फवारलेल्या शेतात पुन्हा कधी शिरायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं, त्याआधी पाऊल टाकू नका. चिठ्ठीची एक प्रत स्वतःकडे ठेवा. एकटीला नकार मिळतो तिथे चारजणी मिळून गेल्यावर खिडक्या उघडलेल्या, पंखे बसलेले मी पाहिलेत.

बाळ झाल्यावर, शंका आली म्हणून अंगावरचं पाजणं आपणहून थांबवू नका. जवळजवळ नेहमी आईचं दूधच बरं. रक्तात शिसं फार वाढलेलं असेल तरच डॉक्टरांशी बोलून ठरवा. आणि बाळ रांगायच्या बेतात आलं की एकदा स्वतः जमिनीवर बसा. बाळाचा हात जिथे जिथे पोहोचेल तिथे, खिडकीच्या खालच्या कडेला, दारामागे, बुटांच्या जागेजवळ, ओलं पांढरं फडकं फिरवा. राखाडी निघालं तर पुन्हा पुसा, आणि घरात शिशाचं काम करणारं कुणी असेल तर बाळाची रक्ततपासणी मागून घ्या. सुरुवातीच्या त्या बाईच्या दुसऱ्या बाळाची आम्ही बाराव्या महिन्यात केली. नवरा तोवर कामावरच कपडे बदलून यायला लागला होता, आणि दाराआडची खुंटी तिने काढून टाकली होती.