बोरघाटात रेल्वेचे फोटो कसे काढायचे: इंजिन गेलं म्हणून कॅमेरा खाली ठेवू नका

घाटातल्या रेल्वेच्या फोटोंबद्दल जे सल्ले फिरतात ते बहुतेक सपाटीवरचे असतात. मोठी लेन्स घ्या, वळणावर उभे रहा, इंजिन दिसलं की बटण दाबत सुटा. असा फोटो भिगवणलाही निघतो, त्यासाठी कर्जतपर्यंत यायची गरजच नाही.

कर्जत ते लोणावळा अंतर जेमतेम २८ किलोमीटर, पण चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढं गेलं की गाडी १ मीटर वर चढते. रेल्वेच्या हिशोबात हा भयंकर चढ आहे. १८६३ साली ही लाइन सुरू झाली तेव्हापासून सगळा झगडा ह्या चढाशीच चाललाय. म्हणून कर्जतला गाडीच्या मागे बँकर लागतात, पुढचं इंजिन ओढतं आणि मागून दोन-तीन इंजिनं ढकलतात, मग लोणावळ्याला ती सुटतात. माझं मत सरळ आहे, फोटोत बँकर नाहीत तर तो घाटाचा फोटो नाही, घाटात काढलेला इंजिनाचा फोटो आहे.

आधी जागा. ट्रॅकवरून चालत मंकी हिलला किंवा ठाकूरवाडीला, म्हणजे घाटातल्या मधल्या ठिकाणांना जा, असं अजूनही लोक बिनधास्त सांगतात. अजिबात ऐकू नका. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, पण दंड सोडा, तिथं तीन लाइन आहेत, एकामागून एक बोगदे आहेत, आणि चढणाऱ्या गाडीच्या आवाजात उतरणारी गाडी ऐकूच येत नाही. पावसाळ्यात वरून दगड येतात ते वेगळंच. रेल्वेची हिल गँग दोर बांधून कड्यावर चढून सैल दगड पाडते ती उगाच नाही, आणि तरीही २०१९ च्या पावसाळ्यात घाटातल्या लाइनचं मोठं नुकसान झालंच. फोटोसाठी ट्रॅकवर उतरणाऱ्या माणसामुळे लोको पायलटला जो धसका बसतो त्याचा विचार करा.

ट्रॅकवर न जाताही भरपूर मिळतं. कर्जतला मुंबईच्या टोकाकडे प्लॅटफॉर्मवर उभं राहिलं की बँकर जोडताना दिसतात, तिकीट काढा आणि स्टेशन मास्तरना विचारून घ्या. खोपोली लोकलने पळसदरीला उतरा, तिथून घाटाची लाइन वेगळी होऊन चढायला लागते. आणि सगळ्यात भारी म्हणजे कोंढाणे लेण्यांवरून राजमाचीला जाणारी वाट, समोरच्या डोंगरात लाइन दिसते, तिथं २०० मिलिमीटरच्या वरची लेन्स लागते.

उजेड सकाळचा. ठाकूरवाडी-नागनाथच्या भागात लाइन उल्हासच्या दरीकडे तोंड करून डोंगराच्या पूर्व अंगाला आहे, त्यामुळे कोंढाण्याकडून बघताना सकाळी सूर्य तुमच्या पाठीशी असतो आणि दुपारनंतर तोच उतार सावलीत जातो. दुपारी निवांत पोचू म्हणणाऱ्यांना काळा डोंगर मिळतो.

गाड्यांचं वेळापत्रक रेल्वेच्या एनटीईएस ॲपवर बघा. मध्य रेल्वेत मुंबईपासून लांब जाणारी गाडी डाऊन, म्हणजे घाट चढणारी ती डाऊन आणि उतरणारी ती अप, हे डोक्यात ठेवा, नाहीतर अनाउन्समेंट ऐकून भलत्या बाजूला कॅमेरा लावाल. मुंबईहून सकाळी सातला सुटणारी डेक्कन एक्सप्रेस साधारण नऊनंतर घाटात असते, काचेचा व्हिस्टाडोम डबा हिलाही आहे. सोलापूरची वंदे भारत २०२३ पासून बँकरशिवाय चढते, ती हवी तर जरूर काढा, पण ह्या लेखाचा विषय ती नाही.

मालगाडी ॲपवर नसते. कर्जतला मालगाडी बँकरची वाट बघत उभी असेल तर ती येणार. आणि घाटातून मोकळी इंजिनं जोडीने खाली येताना दिसली तर समजा बँकर वर गाडी पोचवून परत निघालेत, कर्जतला पोचले की पुढच्या गाडीला लागायला मोकळे.

आता खरी अडचण, एक्सपोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते. सगळ्यात जास्त वेळ मला ह्या पायरीने खाल्ला आणि ह्यावरच सगळ्यात वाईट सल्ले मिळतात. गाडीचं तोंड म्हणजे प्रखर हेडलाइट, मागच्या बँकरला तुमच्याकडे रोखलेला लाइट नाही. कॅमेरा ऑटोवर असेल तर तो हेडलाइट बघून घाबरतो आणि अख्खा डोंगर, डबे, झाडं काळी करून टाकतो. तोंड निघून गेलं की तोच कॅमेरा एकदम उलटा वागतो, काळा कातळ आणि गडद वॅगन बघून सगळं फिकट करतो. म्हणजे एकाच गाडीच्या दोन टोकांचे फोटो दोन वेगळ्या दिवसांचे वाटतात. "एक्सपोजर कॉम्पेन्सेशन वाढवा" म्हणतात लोक, पण किती आणि कधी वाढवणार, हेडलाइट फ्रेममध्ये किती मोठा आहे त्यावर गणित दर सेकंदाला बदलतं.

उपाय एकच, मॅन्युअल, म्हणजे सगळं हाताने ठरवायचं, आणि आयएसओसुद्धा (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील आहे तो आकडा) ऑटोवर नाही. गाडी यायच्या आधी रुळाशेजारच्या गवतावरून एक्सपोजर घ्या. कातळावरून घेऊ नका, तो काळा असतो आणि कॅमेऱ्याला फसवतो, काँक्रीटच्या स्लीपरवरूनही नको, ते उलट बाजूने फसवतात. मालगाडीला १/२५० पुरतो, चढणारी मालगाडी काही पळत नाही, पॅसेंजर-एक्सप्रेसला १/६४० च्या खाली जाऊ नका. ॲपर्चर ५.६ ते ८. पावसाळी सकाळी आयएसओ १६०० करायला लाजू नका, दाणे दिसलेले चालतात, हललेला फोटो चालत नाही. एक रिकामा फोटो काढून हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेड-अंधाराचा आलेख बघा, पांढरं टोक कापलं जात नाहीये ना तेवढं बघा आणि मग हात लावू नका. हेडलाइट जळणार, जळू द्या. ढग सरकला तरच परत मोजा.

फोकसचंही तसंच. धुक्यात ऑटोफोकस पावसाचे थेंब नाहीतर जवळचं गवत पकडून बसतो. इंजिनाचं तोंड जिथं हवंय तिथला ओएचईचा, म्हणजे वरच्या विजेच्या तारेचा खांब निवडा, त्यावर फोकस करा आणि लेन्सचं बटण मॅन्युअलवर टाका. खांब निवडताना बघा की गाडी आल्यावर तो पेंटोग्राफमधून (इंजिनाच्या छतावरचा तारेला टेकणारा सांगाडा) उगवल्यासारखा दिसणार नाही. तोंड खांबाशी आलं की तीन-चार फ्रेम, बस्स. मग थांबा. वॅगन जाऊ द्या. कंटेनरमागून कंटेनर, चाकांची करकर, आणि मग मोटारींच्या ब्लोअरचा घुमणारा आवाज वाढत येतो, बँकर आले. सेटिंगला हात न लावता त्याच खांबाशी त्यांना पकडा. दोन्ही फोटो शेजारी ठेवा, उजेड एकच, डोंगर एकच. वळण मोठं असेल आणि कोंढाण्याच्या बाजूला असाल तर पुढचं इंजिन आणि बँकर एका फ्रेममध्ये येतात, त्यासाठी मात्र थोडी वाइड फ्रेम घ्यायचा संयम ठेवा, दहातले नऊ जण तोंडावर झूम करून ती संधी घालवतात.

मोबाइलवाल्यांनी गवतावर बोट दाबून धरायचं, एक्सपोजर आणि फोकस लॉक होतो, तत्त्व तेच.

उतरणारी मालगाडी सोपी आहे. ब्रेक तपासायला गाड्या मध्ये थांबतात, हळू येतात, आणि गेल्यावर तापलेल्या ब्रेकचा जळका वास मागे राहतो. तिला तीच सेटिंग चालते.

ड्रोन नको. वर २५ हजार व्होल्टची तार आहे. उंच ट्रायपॉड किंवा छत्री घेऊन पुलाच्या कठड्यावरून वाकणंही ह्याच कारणासाठी बंद.