साखर सोडली, तरी शुगर का चढते?

आहारसल्ल्यासाठी कुणी आलं की मी आधी कालचा दिवस विचारते. काय खाल्लं ते लोक अगदी नीट सांगतात. काय प्यायलं ते खोदून विचारावं लागतं. 'साखर पूर्ण बंद आहे' म्हणणाऱ्यांच्या दिवसातही सकाळचं मधाचं पाणी, फळांचा रस, दुपारी थंड पेयाचा एखादा कॅन निघतोच. म्हणून सुरुवात पेल्यापासून करा. ३३० मिलिलिटरच्या कोलात सुमारे ३५ ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली, मधातली आणि रसातली साखर मिळून दिवसाच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत हवी, ५ टक्क्यांच्या आत राहिली तर उत्तम. प्रौढ माणसासाठी हे ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम. संत्रं पिळू नका, सोलून खा. एखाद-दुसऱ्यात पोट भरतं. रस काढला की तीन-चार कधी संपली ते कळत नाही. आणि मध नैसर्गिक आहे, मान्य, पण तीही साखरच.

आता ताट. भात, पाव, बटाटा गोड लागत नाहीत, पण पचल्यावर त्यांचं ग्लुकोजच होतं. तरीही मी कुणाला भात बंद करायला सांगत नाही. बंद केलेला भात महिन्याभरात दुप्पट होऊन परत येतो, असं मी फार वेळा पाहिलंय. ताटाचा अर्धा भाग भाज्यांचा ठेवा (बटाटा यात मोजायचा नाही, विचारूही नका), पाव भाग डाळी-कडधान्यं, अंडी, मासे किंवा पनीर, आणि उरलेल्या पाव भागात भात किंवा पाव.

मग क्रम बदला. ही माझी सर्वांत आवडती युक्ती, कारण काहीच सोडावं लागत नाही. आधी भाजी, मग डाळ किंवा अंडं, भात शेवटी. तंतू, प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ आधी पोटात गेले की जठर सावकाश रिकामं होतं आणि ग्लुकोज रक्तात एकदम न येता हळूहळू येतं. सगळं एकत्र शिजवलेलं असेल तर क्रम कसला पाळणार? अशा वेळी जेवणाआधी वाटीभर काकडी-गाजर खाऊन घ्या.

जेवण झालं की दहा-पंधरा मिनिटं चाला. हालणारे स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातलं ग्लुकोज ओढून घेतात. चालणं जमत नसेल तर भांडी घासा, आवराआवर करा. फक्त लगेच आडवं होऊ नका. रात्रीचं जेवण लवकर उरका, कारण तेच अन्न रात्री उशिरा खाल्लं तर शुगर सकाळपेक्षा जास्त चढते.

यातलं काय तुम्हाला लागू पडतं, हे माझ्यापेक्षा ग्लुकोमीटर चांगलं सांगेल. जेवणाआधी एकदा मोजा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी पुन्हा. दुसऱ्या दिवशी तेच जेवण, तेवढंच, पण क्रम बदलून किंवा नंतर चालून. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर फरक कशाने पडला ते कळायचं नाही. बोट टोचण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करा. नुकतंच फळ कापलं असेल तर बोटावरच्या रसानेच आकडा फुगतो, आणि मग घरभर घबराट.

प्रयोगशाळेच्या रिपोर्टात दोन आकडे पाहा. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या निकषांनुसार उपाशीपोटी शुगर १०० ते १२५ किंवा एचबीएवनसी ५.७ ते ६.४ टक्के म्हणजे मधुमेहपूर्व अवस्था. एचबीएवनसीत रक्तातल्या साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी दिसते, त्यामुळे तीन आठवड्यांत पुन्हा रक्त देऊन फार काही हाती लागत नाही. या टप्प्यावर वजन जास्त असेल तर ते थोडं उतरवणं फार मोलाचं ठरतं. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात ७ टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम एवढंच लक्ष्य दिलं होतं. त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन ही मधुमेहावरची गोळी घेणाऱ्या गटात ३१ टक्क्यांनी. ८० किलोच्या माणसाला ७ टक्के म्हणजे साडेपाच किलोंच्या आसपास. एवढं जमण्यासारखं आहे.

ज्यांना इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू आहे, त्यांनी मात्र भात-पाव एकदम कमी करू नये, नाहीतर शुगर फार खाली जाऊ शकते. आधी डॉक्टरांशी बोलून डोस ठरवून घ्यावा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनं वाढवण्याआधीही विचारा. हात थरथरले, दरदरून घाम फुटला आणि शुगर ७० च्या खाली दिसली, तर पथ्य बाजूला ठेवून तीन छोटे चमचे साखर पाण्यात ढवळून प्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. आकडा अजून खालीच असेल तर पुन्हा तेवढीच घ्या. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही ओतू नका, ताबडतोब रुग्णवाहिका बोलवा.